गार फासळ्या

अमावास्येला जिनिंग बंद असायचं. परतूरच्या शिवेवरचं ते कापसातली सरकी काढायचं जिनिंग एरवी पहाटेपासून धडधडायचं. पण अमावास्येला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, तसा इंजिनाच्या चाकावर पट्टाही चढवायचा नाही, असा तिथला रिवाज होता. तेव्हा मार्गशीर्षातल्या अमावास्येला, दुपार कलल्यावर, बद्रीनाथ फिटर पान्यांची पिशवी खांद्याला अडकवून मालकाच्या बंगल्याकडे निघाला, तर त्यात कुणाला काही नवल वाटलं नाही. सुट्टीच्या दिवशी फिटरला बोलावणं आलं म्हणजे बंगल्यात काहीतरी बिघडलं, एवढंच.

बिघडल्या होत्या फासळ्या.

आता हे फासळ्यांचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, हा कुठल्या खाटकाची गोष्ट घेऊन बसला. निजामाच्या अमलातली गोष्ट ही, रझाकारांच्या धामधुमीच्या चार-सहा वर्षं आधीची. जिनिंगचे मालक आबाराव एकदा हैदराबादेत एका नवाबाच्या कोठीत उतरले. तिथं त्यांनी भिंतीला टेकून उभी असलेली एक लोखंडी शेगडी पाहिली. तिच्यात निखारा नाही की धूर नाही. पोकळ नळ्या शेजारीशेजारी उभ्या, त्यांच्या पोटातून गरम पाणी फिरतंय आणि खोली कशी उबदार! रेडिएटर म्हणतात त्याला. आबारावांनी तसले पाच आणवले आणि पाच खोल्यांत बसवले. जिनिंगच्या बॉयलरच्या वाफेवर एका पिंपातलं पाणी तापायचं आणि तेच पाणी पाइपातून खोल्याखोल्यांत फिरून परत पिंपात यायचं; त्यासाठी सुट्टीच्या दिवशीही बॉयलरची भट्टी विझू देत नसत. गाव लोटला बघायला. रेडिएटर हा शब्द काही कुणाच्या जिभेवर बसेना. एका म्हातारीनं वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं बया, ह्या तर ढोराच्या फासळ्या!" तेव्हापासून फासळ्याच.

उन्हाळ्यात जिथं दगड तडकतो तिथं हे खूळ कशाला, म्हणून लोक पाठीमागं हसायचे. हसू द्या. आबारावांना हसण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोन वर्षांपासून माणूस गारठला होता. वैशाखात दोन-दोन घोंगड्या पांघरून बसायचे आणि दात वाजायचे. जालन्याच्या डॉक्टरनं हात टेकले आणि सांगितलं, ऊब द्या, नाहीतर हा हिवाळा काही काढत नाहीत. म्हणून ह्या फासळ्या. आणि त्यांतल्या नेमक्या मालकांच्या खोलीतल्याच तापत नव्हत्या.

बद्रीनाथला मालकाच्या गारठ्याचं सोयरसुतक नव्हतं. त्याला त्यांना एकच गोष्ट विचारायची होती, आणि त्यासाठी तो दोन वर्षं थांबला होता. माझा भाऊ कुठं गेला?

धर्मराज, त्याचा थोरला भाऊ. मूळचे दोघं आष्टीचे, पण जिनिंगच्या नादानं परतूरला येऊन राहिलेले. धर्मराज अंगानं काटकुळा, म्हणून बॉयलर धुवायला तोच आत उतरायचा. बॉयलरच्या पोटात क्षाराचा पांढरा थर धरतो, तो हंगामाआधी छिन्नी-हातोड्यानं खरवडून काढावा लागतो. ह्या कामाचे त्यांचे काही कायदे होते. आत उतरणाऱ्यानं आपला पटका बॉयलरच्या तोंडाशेजारच्या खुंटीला लावायचा. खुंटीवर पटका दिसतो तोवर झाकणाला कुणी हात लावायचा नाही. झाकण बसवायच्या आधी बाहेरच्यानं पत्र्यावर तीन ठोके देऊन विचारायचं, आत कोणी आहे का. आणि आतल्यानं ठोके दिले तर बाहेरच्यानं जबाब द्यायचा. एक ठोका म्हणजे 'थांब, आतच राहा'. दोन म्हणजे 'वाट मोकळी आहे, ये बाहेर'. लोखंडाच्या पोटात माणसाचा शब्द घुमून कळत नाही, ठोका बराबर कळतो.

धर्मराजचे ठोके तर लाखात ओळखू यायचे. दोन लागोपाठ, मग दम खाऊन तिसरा. ठक-ठक... ठक. घराच्या दारावरसुद्धा तसंच वाजवायचा, आणि आतून त्याची बायको गोजरबाई म्हणायची, "आले धनी."

दोन वर्षांमागं, दसऱ्याच्या चार दिवस आधी, बॉयलर तपासायला हैदराबादेहून साहेब यायचे होते. त्या सकाळी भावाभावांत वाजलं. कारण काय, तर एक कोपरा खरवडायचा राहिलाय असं बद्रीनाथ बोलला. "तू फिटर झाला म्हणून मला शिकवून राह्यला का रे?" धर्मराज भडकला, आणि तणतणत निघून गेला. तो गेला तो गेलाच. संध्याकाळी आबाराव म्हणाले, "धर्मा? तो मघाच मागच्या फाटकानं गेला. मुंबईला जातो म्हणत होता." भांडण झालेलं, तेव्हा बद्रीनाथनं मान खाली घातली आणि ऐकून घेतलं.

पण गोजरबाईनं काही ऐकून घेतलं नाही. बॉयलर धुऊन नवरा पांढराफट्ट होऊन यायचा, म्हणून त्या दिवशी ती माहेरून आलेला तांब्याचा बंब पेटवायची. त्या संध्याकाळीही पेटवला होता. पाणी उकळून उकळून आटलं. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ती बंब पेटवते, एक घंगाळ कढत पाणी काढून ठेवते आणि रात्री आळ्यात ओतून देते. कपाळावरचं कुंकू तेवढंच ठसठशीत. बायका पाठीमागं कुजबुजतात. बद्रीनाथला ते बघवायचं नाही. जिवंत असेल तर हाताला धरून आणीन आणि नसेल तर तसं सांगेन, पण ह्या बाईला असं टांगून ठेवणार नाही, एवढंच त्यानं धरलं होतं. आणि शेवटी धर्मराजला पाहिलेलं एकट्या आबारावांनी. तेच आबाराव बद्रीनाथ समोर दिसला की वाट बदलायचे, बंगल्याची पायरी चढू द्यायचे नाहीत. फासळ्यासुद्धा त्यांनी हैदराबादच्या मिस्त्रीकडून बसवून घेतल्या. आज मात्र त्यांनीच बोलावलं होतं.

दार द्वारकाबाईनं उघडलं. ही बंगल्यातली जुनी स्वयंपाकीण, तोंडाची फटकळ.

"आलास का? ये बाबा. तो हैदराबादचा मिस्त्री पाच दिवस कोंबडं खाऊन गेला, अन् जाताना म्हणतो, कुछ समज में नहीं आता!"

"चार गरम हैत अन् एकच गार?"

"एकच. पर कंची ते इचारू नको."

"म्हंजी?"

तिनं आवाज उतरवला. "मालक निजतेत ती. तीन खोल्या बदलल्या त्येंनी. जिथं पलंग टाकला तिथल्या फासळ्या गार. अन् सोडून आलेल्या खोलीत पापड भाजून घ्यावा!"

बद्रीनाथ हसला. "मावशी, कोन कुठं निजलंय हे लोखंडाला काय कळतंय?"

"लोखंडाला न्हाई कळत," द्वारकाबाई म्हणाली, आणि आत गेली.

आबारावांच्या खोलीत पाऊल टाकलं तसं बद्रीनाथच्या अंगावर शहारा आला. बाहेर कोवळी का होईना थंडी होती. इथली थंडी ओली होती, विहिरीच्या तळाशी असते तशी. वासही तसाच. भिजलेलं लोखंड आणि ओला चुना. खिडक्या गच्च बंद. खुर्चीत घोंगड्यांच्या आत एक चेहरा होता, तो आबारावांचा. कधीकाळी घोड्यावर मांड ठोकून बसणारा गडी! आता ओठ जांभळे, आणि हात मांडीखाली दाबून धरलेले.

"बद्री... बघ बाबा," ते म्हणाले. "काय झालंय बघ ह्या फासळ्यांना."

"बघतो, मालक. पर मला एक इचारायचंय."

"आधी काम."

बद्रीनाथनं राग गिळला आणि कामाला लागला. आत येणारा पाइप चाचपला, हात भाजला. पहिल्या नळीला हात लावला, तर बर्फ. चावी बघितली, पुरी उघडी होती. बाहेर जाणारा पाइप गार. म्हणजे पाणी दारापर्यंत येत होतं आणि आत शिरत नव्हतं. नळ्यांवर दव धरलं होतं. त्याची बारीक धार खाली फरशीवर येऊन आबारावांच्या खुर्चीकडे ओघळत होती. उतार खरं तर उलट्या बाजूला होता. बद्रीनाथनं दोनदा पाहिलं आणि मनात म्हटलं, फरशी बसली असेल.

"मालक, जरा बैठकीच्या खोलीत चला. तिथल्या फासळ्या मी आत्ताच बघितल्या, चांगल्या सणसणीत तापल्यात."

"काही फायदा न्हाई रे."

"चला तर."

त्यानं खुर्चीसकट त्यांना उचलून बैठकीत नेलं. वजन म्हणाल तर सरकीच्या रिकाम्या पोत्याएवढं. फासळ्यांना हात लावला, चटका बसला. मग तो तिथंच उकिडवा बसून राहिला. थोड्या वेळानं पुन्हा हात लावला, तर साय धरलेल्या दुधासारख्या कोमट. आणखी थोड्या वेळानं गार. मग त्याच्या डोळ्यांदेखत लोखंडावर दव फुटलं, एकेक थेंब वर येत गेला, जसा माणसाच्या कपाळावर घाम येतो तसा. बद्रीनाथ उठला आणि पळतच आबारावांच्या खोलीत गेला. तिथल्या फासळ्यांनी त्याचा तळहात पोळला.

दुसरा कोणी असता तर तिथूनच पिशवी टाकून पळाला असता. पण कारागिराची जात अशी, की भूत जरी दिसलं तरी ते कुठल्या बोल्टावर बसलंय ते आधी बघणार. बद्रीनाथ परत आला आणि म्हणाला, "हवा धरलीय, मालक. आत हवा कोंडली का पानी फिरत न्हाई. हवा सोडून देऊ, बिलकुल ठीक होईल."

फासळ्यांच्या वरच्या टोकाला हवेची बारीक चावी असते. ती अर्धा आटा फिरवली की फुस्स करून हवा निघते, मग पाणी थुंकतं, की लगेच बंद करायची. त्यानं चावी फिरवली. हवा निघाली.

निघाली, आणि थांबली. पुन्हा निघाली. पुन्हा थांबली.

बद्रीनाथनं कान लावला. पाइपातली हवा एका दमात निघते. ही येत होती, जात होती. गालाला लागली ती कोमट होती, आणि तिला तंबाखूचा वास होता. तंबाखू आणि चुना. हा वास त्यानं उभा जन्म भावाशेजारी एका गोधडीत निजून घेतलेला होता. त्याच्या हातातला पाना गळून पडला.

हवा भरभर येऊ लागली. तोकडी, धापा टाकल्यासारखी. मग एकदम बंद झाली, आणि लोखंडाच्या आतून आवाज आला.

ठक-ठक... ठक.

"ऐकलंस?" आबाराव ओरडलेच. "तू पन ऐकलंस न्हवं? द्वारकाबाईला ऐकू येत न्हाई... मिस्त्रीला न्हाई... दोन वर्षं झाली, मला एकट्याला..."

"मालक," बद्रीनाथ म्हणाला. "हे ठोके कुनाचे हैत?"

"तुला ठावं हाय."

"मला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

आबारावांनी घोंगडी तोंडापर्यंत ओढली, आणि तिच्या आडून सांगितलं.

भांडणानंतर धर्मराज कुठं गेलाच नव्हता. भाऊ बोलला ते त्याला झोंबलं, म्हणून तो राहिलेला कोपरा खरवडायला परत बॉयलरात उतरला. कायद्याप्रमाणे पटका खुंटीला लावून उतरला. मग आबाराव तिथं आले. साहेब यायची वेळ झालेली, आणि हे मळकं फडकं इथं कोणी टांगलं म्हणून त्यांनी ते उचललं आणि भट्टीत फेकलं. त्यांना काय ठाऊक! तो कायदा आत उतरणाऱ्यांचा होता, मालकांचा नव्हता. मग बद्रीनाथ आला. खुंटी रिकामी दिसली, त्यानं झाकण बसवलं आणि बोल्ट आवळले; आत कोपऱ्यात धर्मराजचा डोळा लागला असावा, हातोड्याचा आवाज काही आला नाही. बॉयलर काठोकाठ गार पाण्यानं भरून त्यावर दाब द्यायचा, अशी ती तपासणी. त्यानं पाणी सोडलं, आतली हवा निघून जावी म्हणून वरची हवेची चावी उघडी केली, आणि साहेबांना आणायला टांगा घेऊन स्टेशनवर गेला.

"मी एकटाच उभा होतो," आबाराव म्हणाले. "पानी भरून राह्यलं होतं. अन् मंग... ते ठोके. मी म्हटलं, लोखंड बसून राह्यलंय. मंग त्यानं तुला हाक मारली, बद्री... तुझं नाव घेऊन. पानी सोडून द्यायचं म्हंजी अर्धा दिवस. साहेब वापस गेला असता, सालभर जिनिंग बंद... मी म्हटलं, थांबतील ठोके. अन् थांबले. वरच्या चावीतून पानी आलं, तवा मीच ती बंद केली."

"अन् मंग?"

"रात्री मी अन् रखवालदार... बाहेरच्या राखेच्या ढिगाखाली. तो रखवालदार मागल्या पावसाळ्यात तापानं गेला. आता मी एकटाच उरलो."

रोज येताजाता त्या ढिगावर थुंकत होता बद्रीनाथ.

"मी तुला फासळ्या नीट करायला बोलावलं न्हाई," आबाराव रडत म्हणाले. "तो तुझं ऐकंल. तुझ्या हाताचा ठोका वळखंल. त्याला जबाब दे, बद्री. एक ठोका दे. थांब म्हनावं, आतच राहा म्हनावं. मला एवढा हिवाळा काढू दे... पाया पडतो तुझ्या."

"दोन वर्षं माझी वैनी बंब पेटवून बसलीय," बद्रीनाथ म्हणाला. "तिला एक शब्द न्हाई सांगता आला तुम्हाला?"

तेव्हा त्या मरत्या माणसाच्या डोळ्यांत एकदम जुना मालक उभा राहिला. "मलाच एकट्याला बोलतो का? झाकण कुनी बसवलं? बोल्ट कुनी आवळले? आधी तीन ठोके देऊन इचारायचं असतंय न्हवं तुमच्यात? इचारलं होतंस?"

बद्रीनाथनं विचारलं नव्हतं. मालक 'जल्दी, जल्दी' करत होते, खुंटी रिकामी होती, डोक्यात सकाळचं भांडण होतं. तीन ठोक्यांना किती वेळ लागतो? तेवढाही त्यानं दिला नव्हता. हे त्याला आठवलं, आणि आठवलं म्हणूनच त्याचा राग असा उसळला की कानशिलं फुटतात की काय असं वाटलं. माणसाला दुसऱ्याच्या पापापेक्षा आपल्या पापाचा राग जास्त येतो, आणि तो काढायला दुसरा लागतो.

त्यानं पाना उचलला आणि फासळ्यांच्या पहिल्या नळीवर ठोका दिला. एक. स्वच्छ, घुमणारा.

आबारावांनी डोळे मिटले. "देवा, सुटलो..."

मग बद्रीनाथनं दुसरा ठोका दिला.

काही क्षण काही झालं नाही. मग हवेच्या चावीतून पाणी आलं. फिरणारं पाणी कढत असतं. हे गार होतं, इतकं की हाताला लागलं तिथं बधिरलं. आबाराव बोलायला गेले, पण शब्दाऐवजी त्यांच्या घशातून गुळगुळ आवाज आला. बद्रीनाथनं पिशवी भरली, पाने मोजून घेतले, बाहेर येऊन दार ओढलं आणि कडी लावली. ह्या खेपेला आत कोण आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

आतून दारावर धक्के बसू लागले. द्वारकाबाई पदराला हात पुसत आली. "कोन ठोकून राह्यलंय रे?"

"कोनी न्हाई, मावशी," बद्रीनाथ म्हणाला. "लोखंड बसून राह्यलंय."

धक्के थांबले, तेव्हा त्यानं स्वतःच कडी काढली. खोली उबदार होती. फासळ्या अशा तापलेल्या की जवळ उभं राहवेना. फरशी कोरडी, घोंगड्या कोरड्या. दाराशी आबाराव पडले होते, हाताच्या बोटांची सालं निघालेली, आणि नखांत लोखंडाचा गंज. दार सागवानी होतं. द्वारकाबाईनं त्यांना बसतं करायला मान उचलली, तर तोंडातून भडाभडा पाणी आलं. विहिरीच्या पाण्यासारखं गार, चुन्यानं पांढुरकं झालेलं. तिनं किंकाळी फोडली. बद्रीनाथ पायऱ्या उतरून चालू लागला.

सूर्य बुडत होता. खरं सांगायचं तर त्याला हलकं वाटत होतं. सूड असाच असतो, पहिल्या घोटाला गोडच लागतो. राखेच्या ढिगापाशी तो थांबला आणि हात जोडून म्हणाला, "दादा, झालं तुझं. उद्या तुला नीट अग्नी देतो." वाटेत तो वहिनीला काय सांगायचं त्याची जुळवाजुळव करत राहिला. पाना धरलेला उजवा हात अजून बधिर होता. त्यानं तो काखेत घातला, पण ऊब येईना.

घरी अंगणात बंब धूर ओकत होता. गोजरबाई त्याच्यापुढं बसून फुंकणीनं फुंकत होती, डोळे लाल झालेले.

"भाऊजी, आलात का? जरा बघा बरं ह्या बंबाला काय झालंय. आज जरा लवकरच पेटवला, दिवस बराच वर होता तवापासून जाळून राह्यले, एक मोळी संपली. अन् पानी काही तापंना!"

बद्रीनाथ जवळ गेला. बंबाच्या नळीत निखारे फुलले होते, ज्वाळा वरपर्यंत येत होत्या. त्यानं तांब्याला हात लावला. गार होतं. तांब्यावर दव फुटत होतं, एकेक थेंब.

"वैनी," तो म्हणाला, "कवापासून असं होऊन राह्यलंय?"

"आत्ताच न्हवं का, ऊन उतरलं तवापासून. आधी चांगलं उकळत होतं. झाकण काढून बघा ना."

झाकण घट्ट बसलेलं होतं. ते काढायला त्यानं हात पुढं केला, आणि हात तिथंच राहिला. आज आपण काय सांगितलं ते त्याला आत्ता उमगलं. वाट मोकळी आहे, ये बाहेर. कुणाकडे ये, ते काही सांगितलं नव्हतं. आणि झाकण बसवणारा तर तोच होता.

ठक-ठक... ठक.

फुंकणी टाकून गोजरबाई ताडकन उठली. दोन वर्षांनी तिचं तोंड असं उजळलेलं बद्रीनाथ बघत होता. तिनं पदर सारखा केला आणि कपाळावरचं कुंकू बोटानं नीट केलं.

"आले!" ती म्हणाली. "धनी आले! भाऊजी, असे काय उभे राहिलात? जा की, दार उघडा!"

बद्रीनाथनं दाराकडे बघितलं. दार उघडंच होतं.